परवानगी मागणारी लामवाका

उत्तर युगांडातल्या किटगुमच्या अध्यापक विद्यालयात लामवाका बावीस वर्षं ग्रंथपाल होती. तिच्यात एकच खोड होती, विचारल्याशिवाय ती काही करत नसे. त्या मुलखात कुणाच्या अंगणात पाय टाकण्याआधी बाहेरून हाक द्यायची रीत. कायदेवालेही अशाच अंगणात राहतात, असं या भाबडीला वाटायचं.

बंडाळीच्या वर्षांत तिथल्या अचोली भाषेतली पुस्तकं चुलीत गेली. ओयेत मास्तरांनी लिहिलेल्या कोड्यांच्या पुस्तकाची एकच प्रत उरली. लामवाकाने तिच्या पानापानाचे फोटो काढून ते विद्यालयाच्या डिजिटल ग्रंथालयात चढवले. गावोगावची पोरं फोनवर कोडी घालू लागली. ऐंशी वर्षांचे मास्तर रोज येऊन विचारत, "आज किती जणांनी वाचलं गं?"

एवढ्यावर थांबायचं की नाही? बाईंनी पुस्तकाच्या परदेशातल्या प्रकाशकाला परवानगीचं पत्र धाडलं.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "चाळीस वर्षांत त्यांनी एक पान छापलं नाही. कशाला उठवतेस त्यांना?"

"न विचारता घेणं म्हणजे चोरीच की, मास्तर."

"पुस्तक माझं, कोडी माझ्या आजीची, आणि चोर तू? शाबास!"

प्रकाशक केव्हाच बुडाला होता. त्याला गिळणाऱ्या कंपनीला हे पुस्तक आपलं आहे याचा पत्ताच नव्हता; तो लामवाकाच्या पत्राने लागला. उत्तर आलं: परवानगी नाही, फाइल पुसून टाका. मास्तरांनी स्वतः विनवलं, तर कंपनीच्या वकिलाने कळवलं की लेखकाने सगळे हक्क पूर्वीच लिहून दिले आहेत. कशाच्या बदल्यात, तर पंचवीस फुकट प्रतींच्या! स्वतः छापायचं नाही आणि दुसऱ्याला वाचू द्यायचं नाही, याला म्हणे मालकी.

लामवाकाने फाइल इमानाने पुसली. एखादी लबाड बाई असती तर कुठेतरी दडवून ठेवली असती. पुढच्या पावसाळ्यात कागदी प्रत वाळवीने खाल्ली.

वर्षभराने त्याच कंपनीचं साखरेत घोळलेलं पत्र आलं. आफ्रिकी भाषांचा वारसा जपायला ते डिजिटल संग्रह काढत होते. मास्तरांचं पुस्तक यादीत होतं, प्रत मात्र नव्हती. तुमच्याकडची पाठवाल का?

मास्तर ठसका लागेपर्यंत हसले. लामवाकाला रडू आवरेना.

"चुकलं माझं, मास्तर. तुम्हाला आठवतात ना कोडी? सांगा, मी लिहून घेते."

"आधी वकिलाला विचार, मला आठवायची परवानगी आहे का."

तिने कुणालाच विचारलं नाही. वही उघडली आणि संध्याकाळपर्यंत लिहीत बसली. दीडशे कोड्यांपैकी मास्तरांना सतरा आठवली.