घाटकोपर ते मुलुंड, दादाला जागं करत

ठाणे स्टेशनात उतरलो तेव्हा दादा आलेला नव्हता.

निघताना वर्गातल्या मुलांनी बजावलं होतं, मुंबईचं सगळं नीट लिहून आण, कॉलेजच्या अंकात छापू. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला आणि मुंबईला तर प्रथमच जात होतो. महेशदादाने फोनवर बेत ठरवून ठेवला होता. स्टेशनवर तो मला घ्यायला येणार, मग जुहूची चौपाटी, मग मेट्रोने अंधेरी. अंधेरीत एका बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये तो वायरिंगचं काम करतो. त्याच्या गच्चीवरून विमानं आपल्या खाली उतरताना दिसतात, असं तो म्हणायचा. यातलं मी काहीच बघितलं नाही. जे बघितलं ते लिहितो.

दादाचा फोन वाजत राहिला, पण त्याने उचलला नाही. शेवटी पिशवीतले आंबोळ्यांचे डबे सांभाळत मी रिक्षात बसलो.

"घाटकोपर," मी म्हणालो.

"ईस्ट का वेस्ट?" रिक्षावाल्याने विचारलं.

"डोंगरावर."

तो हसला. "गावावरून आलास ना? कोण राहतं तिथे?"

"भाऊ. फोन उचलत नाहीये."

"अरे यार, सकाळी सकाळी मुंबईत फोन कोण उचलतो? झोपला असेल."

मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी. पाट्या वाचत मी मनाची समजूत घालत होतो. झोपलाच असेल.

घाटकोपरच्या डोंगरावर घरं एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभी आहेत. मधून अरुंद पायऱ्या चढतात आणि प्रत्येक दारात पाण्याचं निळं पिंप. आमच्या गावकीची खोली जवळजवळ माथ्यावर आहे. गावकीची खोली म्हणजे गावाने मिळून घेतलेली, मुंबईत एकटे राहणाऱ्या पुरुषांची खोली. दिवसपाळीवाले निघाले की त्यांच्या जागेवर रातपाळीवाले अंग टाकतात. खोलीत घड्याळ आहे, पण त्याचा गजर काढून टाकलेला आहे. कारण खोलीचा एकच कडक नियम आहे, झोपलेल्याला उठवायचं नाही. भांडं वाजवायचं नाही, दिवा लावायचा नाही, नाव घेऊन हाक मारायची नाही. दुसऱ्याची झोप मोडणाऱ्याला तिथे चोरापेक्षा वाईट समजतात.

दार गोविंदकाकांनी उघडलं. खोलीतलं सर्वांत जुनं माणूस, एके काळचे गिरणी कामगार. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"इलस? गप रव. निजलो हा तो." (आलास? गप्प राहा. झोपलाय तो.)

भिंतीकडे तोंड करून दादा निजला होता. काका कानाशी कुजबुजले. तीन-चार दिवस त्याच्या अंगात कसर होती, थंडी भरून ताप यायचा, घाम आला की उतरायचा. उतरला की हा परत कामावर. काल मात्र आल्या आल्या आडवा झाला. "आता बरा निजलो. झोप लागली म्हंजे ताप गेलो. निजांदे तेका." (झोपू दे त्याला.)

मी त्याच्या उशाशी बसलो. डोळे अर्धवट उघडे होते, पण दादा लहानपणापासून तसाच झोपतो. ओठ सुकलेले होते. कपाळाला हात लावावासा वाटला, पण काका बघत होते आणि मी पाहुणा होतो. रातपाळीचे दोघे येऊन आमच्या पायांवरून अलगद गेले आणि पलीकडे आडवे झाले. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी कुठे पाहिली नव्हती. मला ती चांगली वाटली, पण थोडी भीतीही वाटली. भीती कशाची ते कळेना.

दुपारी दारात शेजारच्या सविताताई उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर परभणीकडचं, आवाज खणखणीत. खोलीच्या नियमाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

"ए महेश! उठ रे! माझा स्विचबोर्ड कधी बघणार तू? दोन दिवस मिक्सर बंद आहे माझा!"

"गो बाय, हळू बोल," काका दबकत म्हणाले. "निजलो हा."

"निजला म्हणजे? कालपण निजलेलाच होता. माणूस आहे का अजगर?" त्या सरळ आत आल्या आणि दादाचा खांदा हलवला. मग जोरात हलवला. मान एका बाजूला पडली, डोळे तसेच.

सविताताई एकदम हळू बोलल्या. "अहो काका, हा झोपलेला नाही."

आम्ही त्याला चादरीत घालून त्या पायऱ्या उतरलो. पुढे रातपाळीचे दोघे, मागे मी आणि काका. पायथ्याशी एक लहान नर्सिंग होम आहे. तिथल्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी दादाच्या डोळ्यांत टॉर्च मारला, बोट टोचून साखर बघितली आणि लगेच शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. रक्ताचा दुसरा थेंब एका पट्टीवर टाकला. पट्टीवर रेघा उमटल्या तसा त्यांचा चेहरा बदलला.

"फाल्सिपेरम मलेरिया. मेंदूपर्यंत गेलाय." मग आमच्याकडे वळून, "हा शुद्धीत शेवटचं कधी बोलला?"

रातपाळीवाले म्हणाले, आम्ही आलो तेव्हा निजलेला. मी म्हणालो, मी आलो तेव्हाही निजलेला. काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"माका वाटला निजलो हा," ते म्हणाले. "मीच सगळ्यांका गप केलंय."

डॉक्टरबाईंनी फोन उचलला. "इथे ठेवून चालणार नाही. त्याला लागतं ते आर्टेसुनेटचं इंजेक्शन माझ्याकडे नाही, अतिदक्षता विभागही नाही." त्या एकामागून एक रुग्णालयांना फोन लावत होत्या. मला वाटलं होतं, त्या खाट आहे का विचारतील. खाटेचं त्या नंतर विचारत. पहिला प्रश्न प्रत्येक वेळी तोच, "आर्टेसुनेट आत्ता तुमच्या कपाटात आहे का? मागवू म्हणू नका, आत्ता आहे का?" मुलुंडच्या एका रुग्णालयाने हो म्हटलं. बाईंनी रुग्णाची सगळी माहिती फोनवरच सांगितली आणि तीच एका कागदावर लिहून माझ्या खिशात घातली.

सकाळच्याच रस्त्याने मी उलटा निघालो, या वेळी काकांबरोबर, रुग्णवाहिकेतून. विक्रोळीची पाटी दिसली आणि दादाला झटका आला. दात आवळले, हातपाय ताठ झाले, स्ट्रेचर खडखडू लागलं. मी "दादा, दादा" एवढंच ओरडत होतो. ड्रायव्हरने गाडी वळवून समोरच दिसलेल्या रुग्णालयाच्या दारात घातली.

ते रुग्णालय काचेचं होतं. आत गारवा, फरशी इतकी चकचकीत की स्वतःच्या मातीने भरलेल्या चपलांची मला लाज वाटली. तिथल्या तरुण डॉक्टरने धावत येऊन दादाला एका कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, झटका थांबवायचं औषध दिलं, साखर पुन्हा बघितली. सगळं भराभर आणि नीट. मला वाटलं, आता पोचलो. मी खिशातला कागद दिला. तो वाचून डॉक्टर आत गेला. परत आला तेव्हा हळू चालत आला.

"आयसीयूत जागा आहे. इंजेक्शन संपलंय. मागवलं तर संध्याकाळपर्यंत येईल."

"मग?" काका म्हणाले.

डॉक्टरलाही आमच्याएवढंच वाईट वाटत असावं. "माझा सख्खा भाऊ असता तर मी थांबलो नसतो. मुलुंड जवळ आहे. मी सोबत येतो."

तो खरंच आला. पूर्ण रस्ताभर दादाची हनुवटी वर धरून बसला होता.

मुलुंडचं रुग्णालय जुनं आहे. भिंतींचा रंग उडालेला, जिन्यात ओल. पण आमची गाडी थांबली तेव्हा दारात एक सिस्टर ट्रे घेऊन उभी होती आणि ट्रेमध्ये ती छोटी बाटली होती. स्ट्रेचर आत जाताच तिने बाटलीतली पूड विरघळवायला घेतली. आम्ही बाहेरच्या बाकावर बसेपर्यंत पहिलं इंजेक्शन शिरेत गेलेलं होतं. कोणी आम्हाला काही आणायला पिटाळलं नाही.

त्यानंतरचा मुक्काम त्या बाकावर. समोरच्या खिडकीतून हिरवे डोंगर दिसतात, आपल्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, दिसतात तसेच. मी त्यांच्याकडे बघायचो, पण कान आत असायचे. विभागातल्या शिंदे सिस्टर ठरावीक वेळाने खाटेशी यायच्या. बोट टोचून साखर बघायच्या, लघवीच्या पिशवीवरचा आकडा लिहायच्या, सलाईन मोजून सोडायच्या. ते जास्त झालं तर फुप्फुसात उतरतं, असं त्यांनी मला समजावलं. आणि दरवेळी त्या वाकून मोठ्याने विचारायच्या, "महेश! डोळे उघडा! नाव काय तुमचं?"

उत्तर यायचं नाही. मग पुढच्या फेरीला पुन्हा तेच. मला वाटायचं, किती ओरडतात या. मग लक्षात यायचं, आम्ही एकदाही ओरडलो नव्हतो.

गावकीची माणसं येऊ लागली. एकाने डब्यातून पेज आणली होती. कोकणातल्या माणसाचा पेजेवर देवापेक्षा जास्त विश्वास. "दोन चमचे घाल रे तोंडात, ताकद येईल," म्हणून तो आत निघाला. सिस्टर दारातच आडव्या आल्या.

"शुद्ध नाही त्यांना. पेज श्वासनळीत जाईल. जीव घ्यायचाय का?"

"बाई, पेज हो, विष नाय!"

"आत्ता त्यांना विषच आहे. तुम्ही प्या ती. सकाळपासून खाल्लेलं दिसत नाही कोणी."

आम्ही ती पेज वाटून प्यायलो. काका प्यायले नाहीत. ते भिंतीला टेकून, टोपी चुरगाळत, दर फेरीला सिस्टरच्या आवाजाबरोबर ओठ हलवत होते. नाव काय. नाव काय.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर सिस्टर नेहमीसारख्या वाकल्या. "महेश! नाव काय तुमचं?"

ओठ हलले. सिस्टरनी कान जवळ नेला. मी दारात उभा होतो.

"बोर्ड," दादा म्हणाला. "सविताताईचा बोर्ड राहिला."

"बोर्ड नंतर बघू. आधी नाव सांगा."

त्याने वैतागून नाव सांगितलं. काका तिथेच खाली बसले आणि टोपीत तोंड घालून रडले.

दादाला उठून बसायला बरेच दिवस लागले. मूत्रपिंडं निकामी होण्याची भीती मध्ये एकदा येऊन गेली. डॉक्टर "धोका टळला" असं स्पष्ट कधी म्हणालेच नाहीत. एक दिवस त्यांनी नुसती घरी जायची तारीख सांगितली. आम्ही डोंगरावर सामान घ्यायला गेलो तेव्हा खोलीत आरडाओरडा चालला होता. काका रातपाळीच्या एकाला गदागदा हलवत होते.

"नाव सांग! गाव खंयचा?"

"काका, झोपेचं खोबरं केलंत माझ्या! कालपण दोनदा उठवलंत! मला काय झालंय?"

"ता तू उठल्याबिगर माका कसा कळतला?"

सविताताई दारात उभ्या राहून हसत होत्या. दादाला बघितल्यावर म्हणाल्या, "आलास? बस तू. बोर्ड दुसऱ्याकडून करून घेतला. तुझ्या भरवशावर राहिले असते तर वाट लागली असती माझी." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं आणि पदराने डोळे टिपले.

परतीला आम्ही दिवा स्टेशनातून सकाळची पॅसेंजर धरली. दादा खिडकीशी बसला. पनवेल मागे पडेपर्यंत त्याचा डोळा लागला. मला चैन पडेना. रोह्याला मी त्याला हलवलं. तो जागा झाला, पाणी प्यायला. चिपळूणला पुन्हा हलवलं. रत्नागिरीला तो चिडला.

मधल्या वेळात मी विचार करत होतो. त्या दिवशी तीन ठिकाणी आम्हाला चांगले डॉक्टर भेटले, तिघांनीही जीव तोडून केलं. बाटली मात्र एकाच ठिकाणी होती. ती बाटली त्या कपाटात कोणीतरी आधीच आणून ठेवली होती, दादाला ताप यायच्याही आधी. कोणी ठेवली, मला माहीत नाही. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या कपाटात ती आहे का, हेही मला माहीत नाही. पोचल्यावर विचारायला जायचं ठरवलं आहे. नाही म्हणाले तर पुढे काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही. मला मोठ्या माणसांसमोर नीट बोलता येत नाही. पण जाईन.

वैभववाडी गेली. दादा पुन्हा झोपला होता, डोळे अर्धवट उघडे, तसेच. गाडीत कोकम सरबतवाला ओरडत गेला तरी हलला नाही. मी स्वतःला सांगितलं, ही नुसती झोप आहे. कणकवलीपर्यंत धीर धरला. मग राहवलं नाही. वाकून विचारलं, "दादा, नाव काय तुझं?"

डोळे न उघडता तो म्हणाला, "मेल्या, तुझ्या बापाशीचो झील (मुलगा) मी. आता निजांदे माका."

मी त्याला निजू दिलं.