दाराबाहेर काढून ठेवलेले जोडे

सुनंदाच्या आजारपणाच्या दोन वर्षांत मी देवाला मनापासून नमस्कार केल्याचं मला आठवत नाही. देवाशी भांडण नव्हतं, मी फक्त थकलो होतो. दिवसभर ऑफिसात बांधकामाची मोजमापं, संध्याकाळी हॉस्पिटल, आणि घरी आल्यावर तिच्या नव्या रिपोर्टमधले आकडे जुन्या रिपोर्टशी ताडून बघणं. ती गोळी घेतानाही ‘दत्तगुरू’ म्हणायची. मी पाण्याचा ग्लास धरून उभा असायचो आणि मनात म्हणायचो, डोस चुकला नाही म्हणजे झालं.

शेवटी एक रिपोर्ट चांगला आला. एकदा तरी बर्फ पाहायचाय, असं सुनंदा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली होती. ते आमच्या मुलीने, इराने, लक्षात ठेवलं होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला इथे आखातात जोडून सुट्टी असते, तेव्हा जॉर्जियाला जायचं तिने ठरवून टाकलं. आमच्या खलिफा सिटीहून विमानतळ जवळच, आणि तिथून काही तासांत माणूस वाळूतून बर्फात. डॉक्टरांनी "जा, पण दमवू नका" म्हणून परवानगी दिली. माझ्या शंका संपत नव्हत्या. इरा म्हणाली, "बाबा, इट्स अ बिगिनर्स ट्रेल. प्लीज, डोन्ट ऑडिट द माउंटन."

डोंगराच्या पायथ्याशी आम्ही एका गाईडच्या गटात सामील झालो आणि आम्हाला भाड्याने स्नोशूज मिळाले. बुटांखाली पट्ट्यांनी बांधायच्या या रुंद, नारिंगी चौकटी. त्यांच्यामुळे पाय बर्फात रुतत नाही, पण बदकासारखं फेंगडं चालावं लागतं. सुनंदा दर चार पावलांवर थांबत होती आणि तरी हसत होती. "अहो, लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्ही माझ्या मागून चालताय," ती म्हणाली. मी तिच्या पावलांकडे बघत होतो. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

अर्ध्या वाटेवर ती दमली. मी इराला आणि गाईडला म्हटलं, तुम्ही बाकीच्यांबरोबर वरपर्यंत जाऊन या, आम्ही आपल्याच पाऊलखुणांवरून हळूहळू खाली उतरतो. गाईड घुटमळला. इराने दोनदा विचारलं, "आर यू शुअर?" मी इथल्या अरबी सवयीने म्हटलं, "खलास, ठरलं. जा तुम्ही." उतार सोपा होता, खालची वस्ती दिसत होती. माझ्या हिशेबात काहीच चूक नव्हती. ते दिसेनासे झाले आणि धुकं उतरलं. पाठोपाठ वारा सुटला, भुसभुशीत बर्फ उडू लागला आणि पाऊलखुणा बुजल्या. फोन काढला तर थंडीने तोही मान टाकून बसला. वर कुठलं आणि खाली कुठलं, हे पायांनाही कळेना.

चाचपडत जाताना हात एका भिंतीला लागला. दगडी, बुटकं, आपल्याकडच्या वेशीवरच्या देवळाएवढं चर्च होतं. दार नुसतं लोटलेलं. मी सुनंदाला आत ढकलणार, तर ती उंबऱ्यातच अडली आणि वाकून पट्ट्या सोडू लागली. तिची बोटं वळत नव्हती. मी म्हटलं, "अगं, आत चल आधी. स्नोशूज आत घेऊ, बाहेर राहिले तर गाडले जातील. भाड्याचे आहेत."

"देवाच्या दारात आलोय. पायातलं आत नेतात का?"

"हा आपला देव तरी आहे का?"

"दार उघडं होतं ना? मग आपलाच." ती बूटही काढायला निघाली होती. त्याला मात्र मी साफ नकार दिला. तिने दोघांचे स्नोशूज घेतले आणि घरी चपला लावते तसे जोडीजोडीने, दाराशी बर्फात उभे खोचले. मग आत येऊन तिने भिंतीवरच्या काळवंडलेल्या चित्राला हात जोडले आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

तिचे ओठ निळसर झाले होते. मी तिचे हात माझ्या जॅकेटमध्ये धरून बसलो. खाली जाऊन मदत आणावी, तर तिला एकटं सोडावं लागणार. न जावं, तर किती वेळ निघेल? प्रत्येक हिशेब तिच्यापाशी येऊन अडत होता. मध्येच आठवलं, निदान ते जोडे तरी आत आणावेत. उठायला लागलो तशी ती डोळे न उघडता म्हणाली, "राहू द्या ना." एरवी मी ऐकलं नसतं. पण त्या क्षणी माझ्यातलं सगळं बळ सरलं होतं. मी पुन्हा खाली बसलो. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी हातातली गोष्ट सोडून दिली आणि म्हटलं, महाराज, मला आता पुढचं काही सुचत नाही, तुम्हीच बघा. यापेक्षा मोठी प्रार्थना मला जमली नाही.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. दार ढकललं गेलं आणि स्कीइंगच्या पोशाखातली, साठीची एक बाई आत डोकावली. तिची भाषा आम्हाला येईना, आमची तिला. तिने थर्मासमधला गरम चहा सुनंदाला घोट घोट पाजला, स्वतःची शाल तिच्या डोक्याला गुंडाळली आणि तिच्या चेहऱ्यावर रंग आल्यावर आम्हाला हाताला धरून खाली आणलं. इरा गाईडबरोबर धावत आली आणि आईला मिठी मारून रडू लागली. मी आभार मानायला वळलो तेव्हा ती बाई गाईडशी दोन शब्द बोलून निघूनही गेली होती. शाल सुनंदाच्या डोक्यावरच राहिली.

ती काय म्हणाली, ते गाईडने सांगितलं. भिंतींवर बर्फ चिकटल्यामुळे धुक्यात चर्च दिसतच नव्हतं. ती पुढे निघून जात होती. तेवढ्यात पांढऱ्यात चार नारिंगी टोकं दिसली. जोडे बाहेर आहेत म्हणजे आत माणसं असणार, असं तिला वाटलं.

हा योगायोग असेल. तसं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मी फक्त जे घडलं ते लिहिलं आहे. जे सांभाळण्यासाठी मी उठत होतो, तेच बाहेर राहिल्यामुळे आम्ही सापडलो, एवढं मला ठाऊक आहे.

पुढच्या महिन्यात सुनंदाची पुन्हा तपासणी आहे. आकडे काय येतील, मला माहीत नाही. गोळ्यांच्या वेळा मी अजूनही पाळतो. ते माझं काम आहे, त्यापुढचं माझं नाही. संध्याकाळी ऑफिसातून दमून येतो तेव्हा फ्लॅटच्या दाराबाहेर तिच्या चपला जोडीने लावलेल्या असतात. म्हणजे ती आत आहे. मी माझे बूट त्यांच्या शेजारी काढतो, तिथेच क्षणभर हात जोडतो आणि मग बेल वाजवतो.