मामाने घेतलेलं रेडिएटरचं माप

आमच्या मामाला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, मापं राहतात. अठ्ठावीस वर्षं तो शाळांचे गणवेश शिवतो आहे, त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांची छाती आणि कंबर कधी ना कधी त्याच्या टेपाखालून गेलेली आहे. रस्त्यात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ अदबीने नमस्कार करतो, मामा गोंधळून हसतो आणि चार पावलं पुढे गेल्यावर म्हणतो, "अरे, हा तर छाती चोवीस, डावा खांदा उतरता!"

तयार कपड्यांशी मामाचं हाडवैर. एस, एम, एल ही त्याच्या मते मापंच नव्हेत, ती बालवाडीत शिकवायची अक्षरं. मूल म्हणजे काय पाकीट आहे का, असं तो ऐकेल त्याला विचारतो आणि ऐकणाऱ्याने उत्तर द्यायच्या आत त्याच्या बाहीची लांबी नजरेने मोजून टाकतो.

या मामाची एक व्हॅन आहे. ती त्याच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून मामी तिला 'थोरली' म्हणते. मागची सीट काढून तिथे शिलाई मशीन पक्कं बसवलेलं आहे, बाजूला कापडाचे तागे, घडीचं टेबल आणि बटणांचे डबे. शाळेच्या आवारात थोरली उभी करायची, मुलांची मापं घ्यायची आणि नमुन्याचा सदरा तिथल्या तिथे बेतून दाखवायचा, ही मामाची पद्धत. मुलांनी आपल्या दाराशी यायचं नाही, आपण त्यांच्या दाराशी जायचं.

मामाच्या सगळ्या शाळांमध्ये मोठी शाळा टेकडीवरची. मामा, मामी आणि शेजारच्या दोन काकू यांना सहा महिने पुरेल एवढं काम त्या एका शाळेचं. यंदा तिथे नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी निरोप धाडला की सोमवारी सकाळी दहा वाजता तयार गणवेशांच्या कंपनीचा माणूसही येणार आहे, दोघांचं काम पाहून ठरवू, आणि जो वेळेवर येणार नाही त्याचा विचार होणार नाही. निरोप ऐकून मामाने दोन दिवस नुसती कात्रीला धार लावली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, वाट कशी आहे ते बघून येऊ म्हणून त्याने थोरली चढावर घातली आणि दुसऱ्या वळणावर ती अशी काही फुसफुसली की वाफेत समोरची काच दिसेना.

खालच्या गॅरेजवाल्याला लोक पुटपुट्या म्हणतात, कारण तो सगळं बोलणं मिशीतल्या मिशीत करतो. गिऱ्हाइकाला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. त्याने बॉनेट उघडून रेडिएटरच्या जाळीवर बोट टेकवलं, तर जाळीचा पत्रा भुग्यासारखा खाली सांडला. गळती बुजवायला तीनदा डाख लावून झाला होता, चौथा लावायला जागाच उरली नव्हती. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी घातल्याने आतल्या नळ्याही क्षाराने बुजल्या होत्या. मामाने मामीकडे पाहिलं, कारण पाणी घालायचं खातं तिचं. मामीने सांगितलं की कूलंट आणायचं खातं तुमचं होतं.

थोडक्यात, रेडिएटर नवा हवा होता. पण या व्हॅनचे दोन प्रकार निघाले होते आणि जुन्या रेडिएटरवरचा नंबर केव्हाच झिजून गेला होता. तेव्हा माप घेऊन दुकानात जा, असं पुटपुट्या म्हणाला.

"माप?" मामा गळ्यातला टेप काढत म्हणाला. "ते तू मला सांगतोस?"

मग त्याने रेडिएटरचं माप असं घेतलं की जणू त्याचं उद्या लग्न आहे. उंची, रुंदी, जाडी, वरच्या नळीपासून खालच्या नळीपर्यंतचं अंतर. सगळं आपल्या मापांच्या वहीत, 'इयत्ता तिसरी' लिहिलेल्या पानाच्या खाली, बारीक अक्षरात उतरवलं.

गुरुवारी मी त्याच्याबरोबर सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी एक हलका रेडिएटर काढला आणि अभिमानाने सांगितलं की हा सगळ्या गाड्यांना बसतो, पट्ट्या लावल्या की झालं. बिचारा विसरला, आपण कुणापुढे काय बोलतो आहोत.

"जे सगळ्यांना बसतं, ते कुणालाच नीट बसत नाही," मामा म्हणाला आणि त्याने तो रेडिएटर उजेडासमोर धरला. जुन्यात नळ्यांच्या दोन रांगा होत्या, यात एकच. मामाच्या हिशेबी हा बिनअस्तराचा कोट. जाळीचा पत्रा इतका विरळ की पलीकडचं कॅलेंडर वाचता यावं. मग जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी जिथे एकमेकींना धातूच्या दुमडींनी पकडतात, त्या कडेवरून त्याने नखं फिरवली आणि सांगितलं की इथे तीन टाके सैल आहेत. दुकानदार म्हणाला, मास्तर, ते टाके नव्हेत, पकडी आहेत. मामा म्हणाला, काहीही म्हण, सैल ते सैल, पाणी इथूनच गळणार.

असे चार रेडिएटर त्याने नापास केले. पाचवा मात्र हातात घेतल्या घेतल्या त्याचा चेहरा निवळला. दोन रांगा, दाट आणि सरळ जाळी, चारी बाजूंना एकसारखी पकड. याच कंपनीचा, आमच्या मापाचा हवा, असं सांगून मामाने वहीतले आकडे वाचले. दुकानदाराने यादीत बोट फिरवलं. व्हॅनच्या एका प्रकाराशी आकडे अगदी जुळत होते. माल गोदामातून शनिवारी सकाळी येणार होता.

शनिवारी तो आला आणि गाडीत शिरेना. पुटपुट्याने आडवा घातला, उभा घातला, तिरपा घातला. मामा आधी म्हणाला, कारखान्याने चूक केली. मग म्हणाला, दुकानदाराने चूक केली. शेवटी नजर गाडीकडेच वळली, वयोमानाने अंग आखडलं असेल म्हणून. एवढ्यात जेवणाचा डबा घेऊन आलेल्या मामीने मापांची वही उघडली, टेप मागून घेतला आणि जुना रेडिएटर स्वतः मोजला. उंचीत अर्ध्या इंचाचा फरक, रुंदीत एका इंचाचा.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही रेडिएटर वाढत्या अंगाचा घेतलात?"

शाळेच्या मुलांचं माप घेताना रुंदीत इंच आणि उंचीत अर्धा इंच वाढवून लिहायचं, वर्षभरात पोर वाढतं, ही मामाच्या हाताची अठ्ठावीस वर्षांची सवय. डोक्याला न विचारता हाताने ती रेडिएटरलाही लावली होती. आणि दैव असं की गाडीचा दुसरा प्रकार नेमका तेवढ्याच अंगाचा निघाला. पुटपुट्या हसला, आणि तेही असं की समोरच्या फुटपाथवरचे लोक थांबले. तोवर त्याला एवढा आवाज आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मामा मात्र स्टुलावर बसून राहिला. दुकान दोन वाजता बंद होणार, रविवारी सुट्टी, सोमवारी दहाला टेकडी. पुटपुट्याने हसू आवरून सुचवलं की तो सगळ्यांना बसणारा आणा, पट्ट्या ठोकून बसवतो, सोमवारपुरतं भागेल.  मामीच्या डोळ्यांपुढे सहा महिन्यांचं काम होतं.

"नाही," मामा उठत म्हणाला. "गाडीच्या पोटात एल साइज घालून त्या शाळेत माप-माप करायला मी कुठल्या तोंडाने जाऊ? आणि चढावर तो फुटला तर जायचाही प्रश्न नाही."

रिक्षात तो चुकीचा रेडिएटर मांडीवर घेऊन मामाने दुकानदाराला सांगायच्या तीन थापा तयार केल्या आणि माझ्यावर तालीम केली. तिन्ही चांगल्या होत्या. पण काउंटरपाशी पोहोचल्यावर त्याने खोका ठेवला आणि एवढंच म्हणाला, "माप चुकलं. माझंच चुकलं."

ज्याचं पोट मापावर चालतं त्याने हे भर दुकानात म्हणणं सोपं नव्हे. दुकानदाराने खोका आपल्याकडे ओढून घेतला.

"मास्तर, तुम्ही चौथीत शिवलेली पँट मी सहावीपर्यंत घातली," तो म्हणाला. "तुमच्या मापाला नावं ठेवणारा मी कोण?"

त्याने स्वतः सायकल काढली आणि गोदामातून आमच्या गाडीच्या प्रकाराचे दोन खोके आणले. दोनला दहा मिनिटं होती. पहिला खोका उघडला, मामाने नखं फिरवली आणि खालच्या कोपऱ्याशी थांबला. एक पकड केसभर उघडी होती. इतकं चालतं हो, असं दुकानदार घड्याळाकडे बघत म्हणाला. मामानेही घड्याळाकडे पाहिलं, रेडिएटरकडे पाहिलं आणि तो परत खोक्यात ठेवला. दुसऱ्यातही खोट निघाली असती तर काय केलं असतं, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही. निघाली नाही. चारी कडा त्याने दोनदा तपासल्या आणि मग कुठे शटर खाली आलं.

रविवारी पुटपुट्याने तो बसवला, तेव्हा जागेवर असा बसला जसं काजात बटण. नळ्या आणि झाकणही त्याने हट्टाने नवीन घातलं. जुन्या नळ्यांवर नवा रेडिएटर म्हणजे फाटक्या कॉलरवर इस्त्री, हे मामाला पटलं. कूलंट भरून, झाकण उघडं ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवलं. मामी डब्यावरची सूचना मोठ्याने वाचत होती आणि नळाकडे कुणालाही फिरकू देत नव्हती.

सोमवारी चढावर मामाचे डोळे रस्त्यावर आणि मामीचे तापमानाच्या काट्यावर. दर वळणाला मामा विचारी, कुठे आहे?

"अर्ध्यावर."

"आता?"

"अर्ध्यावरच आहे. तुम्ही पुढे बघा हो, नाहीतर काटा ठीक आणि आपण दरीत."

पावणेदहाला आम्ही आवारात होतो. कंपनीचा माणूस हँगरवर तीन सदरे टांगून उभा होता. मुख्याध्यापिकांनी दुसरीचा वर्ग बोलावला. कंपनीच्या माणसाचा सगळ्यात लहान सदरा एका काटकुळ्या मुलीला गुडघ्यापर्यंत आला आणि तिने आत हात लपवून सगळ्यांना हसवलं. मामाने तिचं माप घेतलं, मशीनवर बसला आणि पाऊण तासात तिच्या अंगाला बसेल असा सदरा तिच्या हातात ठेवला. मुलीने हात वर केले, खाली केले, पळून बघितलं.

मग मुख्याध्यापिकांनी आम्हाला आणि कंपनीच्या माणसाला पायऱ्या चढून आपल्या खोलीत नेलं. त्या न्यायाने वागणाऱ्या बाई होत्या. त्यांनी वरचे वर्ग कंपनीला दिले, खालचे पाच मामाला. मामाचा चेहरा किंचित उतरला, पण पाच वर्ग म्हणजे चार माणसांचे चार महिने तरी होते. मग त्या म्हणाल्या, "ही लहान मुलं भराभर उंच होतात. सहामाहीला पुन्हा एक चक्कर टाकाल का? कंपनी म्हणते, वर्षातून एकदाच."

मामा खिडकीपाशी गेला. खाली आवारात थोरली उन्हात उभी होती. त्याने तिच्या पुढच्या चाकांमधल्या फरशीकडे नीट निरखून पाहिलं. फरशी कोरडी होती.

"टाकू की," मामा म्हणाला. "बोलवाल तेव्हा."