यादीतली दोन नावं

शारजाच्या अल नहदा भागातल्या त्या ट्रॅव्हल ऑफिसात कुणी युरोपचं नाव काढलं, की काउंटरवरची शहनाझ बसल्या जागेवरून हाक मारायची, "वासुभाई, आप का कस्टमर!" वासुदेव पेडणेकर एकोणीस वर्षं तिथे युरोपच्याच टूर विकत होता. हंगेरीतलं बालाटन सरोवर तर त्याला तोंडपाठ. सिग्लिगेटच्या किल्ल्याची चढण कुणाला झेपत नाही, काठावरच्या कुठल्या चर्चच्या आवारातून अख्खं तळं दिसतं, द्राक्षमळ्यातल्या कुठल्या तळघरात वाइन न पिणाऱ्यांना नुसता रस मिळतो, कुठल्या बीचवर वाळूऐवजी हिरवळ आहे, सगळं त्याला विचारावं. पठ्ठ्या स्वतः मात्र तिकडे एकदाही फिरकला नव्हता. लोक जायचे उन्हाळ्यात, आणि ऐन सीझनमध्ये याला रजा कोण देणार? रजा मिळेपर्यंत तिकडचे बीच बंद.

त्यातून या धंद्याची एक खोड होती. ग्रुपचा भाव मिळायला सोळा माणसं लागत आणि जानेवारीत हॉटेलला पहिली यादी पाठवताना चौदाच भरलेली असत. मग ऑफिसातली मंडळी आपलीच नावं घालून आकडा पुरा करत आणि खरी गिऱ्हाइकं आली की गुपचूप काढून टाकत. वासुदेव दर वर्षी आपलं आणि बायकोचं नाव घालायचा.

नऊ वर्षांपूर्वी तो लॅपटॉप उघडा टाकून अंघोळीला गेला आणि कुंदाने ती यादी पाहिली. तो बाहेर येतो तर बाईसाहेब कपाटावरची बॅग खाली काढून पुसत होत्या. "अहो, सांगायचं तरी! मला स्वेटर घ्यायला हवा." खरं सांगायची त्याची छाती झाली नाही. मे महिन्यात म्हणाला, "यंदा जमत नाही गं, ऑफिसात रश आहे. पुढच्या वर्षी नक्की." असं पुढचं वर्ष आठदा आलं आणि गेलं.

यंदा जानेवारीत ती म्हणाली, "या वेळी यादीतून आपली नावं काढू नका हं." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. कधीपासून, हे विचारायची त्याला लाज वाटली. तो हो म्हणाला, आणि या वेळी मनापासून म्हणाला. रजा मंजूर करून घेतली, दोघांचे व्हिसा काढले. मार्चमध्ये स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिला हार्ट अटॅक आला आणि ती गेली.

तेव्हापासून वासुदेव बधिर झाला होता. रडू येत नव्हतं. भूकही लागत नव्हती, कुणी ताट पुढे केलं तर जेवायचा. शारजातच लहानाची मोठी झालेली रिद्धी, त्याची मुलगी, सारखी म्हणायची, "बाबा, प्लीज गो. शी वुड हॅव वॉन्टेड इट." त्यालाही ते पटलं. दिलेला शब्द उशिरा का होईना पाळावा, एकट्यानेच जाऊन तिच्या वाटचंही बघून यावं, असं त्याने ठरवलं.

शेवटची यादी त्या दिवशी पाच वाजता पाठवायची होती. कुंदाचं नाव अजून तसंच होतं. "वासुभाई, एक नाम निकालना है ना?" शहनाझने हळूच विचारलं. "निकालता हूँ," तो म्हणाला आणि चहा प्यायला उठला.

परत आला तर समोर एक जोडपं बसलेलं. समाधान दुबईतल्या जबल अलीत लॉजिस्टिक्स कंपनीत होता, प्रज्ञा त्याची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. व्हिसा आधीचाच चालू होता, त्यांना हीच टूर हवी होती. "रूम खलास हो गया," शहनाझ सांगत होती. यंदा गिऱ्हाइकांचा तोटा नव्हता, हॉटेलातल्या खोल्यांचाच होता.

"काका, निदान पुढच्या वर्षासाठी माहिती तरी द्या," प्रज्ञा म्हणाली.

वासुदेवने सवयीने सुरुवात केली. किल्ला, चर्च, मळे, पाणी कंबरेएवढंच असतं, दूरवर चालत जाता येतं. पोरगी कान देऊन ऐकत होती.

"काकूंना घेऊन गेला असाल ना तुम्ही?"

"हो." खोटं बोलताना त्याला काहीच वाटलं नाही.

"मग त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं?"

कुंदाला किल्ला चढायचा होता? पाण्यात पाय सोडून बसायचं होतं? का चर्चमध्ये एक मेणबत्ती लावायची होती? नऊ वर्षं तो तिला नाही कसं सांगायचं एवढाच विचार करत होता. तुला तिथे काय बघायचंय, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

"काका?"

"पासपोर्ट आणलेत?"

"वासुभाई, वो रूम तो आप का..." शहनाझ म्हणाली.

"दे दो इनको."

त्याने आधी कुंदाचं नाव काढलं, मग स्वतःचं. तिच्या वाटचं बघून यायला तो निघाला होता, पण तिच्या वाटचं म्हणजे नेमकं काय, हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.