पोलिओच्या पेटीत बांगडे

जगात देवावर विश्वास न ठेवणारी माणसं पुष्कळ आहेत, पण दुधावर, वजनकाट्यावर, कॅलेंडरवर आणि घरच्या जावयावर एकाच वेळी विश्वास न ठेवणारा माणूस एकच झाला, आणि तो माझ्या बायकोच्या मावशीचा नवरा होता. म्हणजे नात्याने माझे मावससासरे. आता मी शाळेत गेलो तो एकदाच, भिंतीला चुना मारायला, त्यामुळे माझ्यावर विश्वास न ठेवण्यात त्यांची काही चूक होती असं मी म्हणणार नाही. माझा स्वतःचाच माझ्यावर नव्हता. पण कॅलेंडरने काय घोडं मारलं होतं? नवं कॅलेंडर घरात आलं की ते शेजारच्यांच्या कॅलेंडरशी ताडून बघायचे, आणि वार-तारखा जुळल्या की मान हलवून म्हणायचे, "एकाच ठिकाणी छापलेली दिसतात. जुळणारच."

ते मूळचे रत्नागिरीकडचे. जन्म गिरणीत काढला, गिरणी बंद पडली, आणि मिळाले त्या पैशात भाईंदरच्या नवघरला खोली घेऊन राहिले. आमची बिल्डिंग त्यांच्या समोरच. मी तिथेच स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचो. भांड्यात लोकांना आपलं तोंड लख्ख दिसायचं, आणि माझं तोंड संध्याकाळी माझ्या बायकोला ओळखू यायचं नाही. ती म्हणायची बरंच आहे. मावससासरे वाण्याकडे जाताना पिशवीत घरचा धोंडा घेऊन जायचे, एक किलोचा, स्वतः कुठून तरी वजन करून आणलेला. वाणी गुजराती, बिचारा हात जोडायचा, "काका, तमे ज तोली लो." आणि काका खरंच गल्ल्यामागे जाऊन तोलायचे. भैया दूध घेऊन आला की पहिला घोट भैयाने प्यायचा. रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याची चौकशी, "घर में कौन कौन है?" मी एकदा विचारलं, काका, तुम्हाला काय त्याची सोयरीक जुळवायचीय? तर म्हणाले, "जावयबुवा, घरी वाट बघणारं कोणी असलं की माणूस सावकाश चालवतो." माझ्याशी ते कधीच अरे-तुरे बोलले नाहीत. माझा सगळा अपमान त्यांनी मान देऊन केला. "तुम्ही लबाड नाही हो जावयबुवा," असं चारचौघात म्हणायचे, "लबाडीला अक्कल लागते."

आमच्या गल्लीने मात्र या स्वभावाचा बरोबर फायदा काढला होता. नवा भाजीवाला आला, नवा गॅसवाला आला, की बायका आपापल्या खिडकीत नुसत्या उभ्या राहायच्या. काका खाली जाणार, वास घेणार, टोचून बघणार, भांडणार. काकांनी घेतलं की मग सगळ्या पिशव्या घेऊन जिन्यात. काका हात हलवत परत आले तर तो भाजीवाला पुन्हा गल्लीत दिसायचा नाही. नवघरच्या जुन्या गावातली एक म्हातारी होती, आम्ही सगळे तिला पाटलीण आजी म्हणायचो. ती तर उघड सांगायची, "आधी काकान घेऊंदे, मंग आमी. काका फसला न्हाय, तं आमी कशाला फसू?"

आणि मग ते पोलिओचे थेंब आले. पाच वर्षांखालची सगळी पोरं, एकाच दिवशी, सगळ्या देशात. माझा आवाज मोठा म्हणून नगरसेवकाच्या माणसाने मला भोंगा दिला, डोक्यावर टोपी दिली, वडापाव कबूल केला आणि म्हणाला गल्लीगल्लीत ओरड. ओरडलो. आमच्या धंद्याची सवय अशी की माझ्या तोंडून आपोआप भांडीवाल्याची चाल निघाली, आणि दोन-तीन बायका जुन्या साड्या घेऊन खाली आल्या. पोर एकीनेही आणलं नाही. सगळ्या काकांच्या खिडकीकडे बघत होत्या. मी पण बघितलं आणि भोंगा तिकडेच वळवला, "सगळ्या जगाने आपल्या पोरांसाठी प्रेमाने पाठवलंय हो! फुकट आहे हो!"

खिडकी उघडली. "जावयबुवा, फुकट?"

"फुकट, काका."

"आणि प्रेमाने?"

"प्रेमाने, काका."

"मग दोन्ही खोटं," असं म्हणून त्यांनी खिडकी लावली. त्यांच्या मागोमाग गल्लीतल्या खिडक्या लागत गेल्या, आणि मी टोपी घालून मधे उभा, लग्न मोडल्यावर मांडवात नवरा राहतो तसा.

दुसऱ्या वर्षीही तेच. मला वाटायचं म्हातारा हट्टी आहे, बस. पण एकदा मी त्यांच्या मुलाच्या बूथवर फोन करायला गेलो होतो. मधू त्याचं नाव, माझ्या बायकोचा मावसभाऊ. मधूचा डावा पाय लहानपणीच गेलेला. लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून तो स्टेशनजवळच्या एसटीडीच्या पिवळ्या टपरीत दिवसभर बसायचा. त्याची मुलगी पिंकी, दीड-एक वर्षाची, नुकती धरून धरून चालायला लागली होती. मी आपलं गमतीत म्हटलं, तुझ्या बापामुळे माझा वडापाव बुडतो दरवर्षी. तो हसला नाही.

"भावजी, मी गावाला असताना मला ताप आला होता. बाबा सुट्टीवर आलेले. त्यांनी उचलून मला तालुक्याला नेलं, मांडीवर घेतलं, डॉक्टरने सुई टोचली. सकाळी पाय हलेना. बाबांना वाटतं त्या सुईने गेला. म्हणजे त्यांनी नेलं म्हणून गेला. मला आजपर्यंत एकदा पण बोलले नाहीत, आईला बोलले."

"पण हे तर थेंब आहेत. सुई कुठाय?"

"मला माहितीय. मला पिंकीला पाजायचंच आहे, भावजी. माझ्याएवढी गरज कोणाला कळणार? मी गुपचूप नेली तर काय ते माझा हात धरणार नाहीत. पण मग तिला साधी शिंक आली तरी त्यांच्या मनात काय होईल? त्यांनी स्वतः न्यायला पाहिजे."

मी तिथे काहीतरी विनोद करणार होतो. केला नाही. माझ्या आयुष्यात अशा संधी मी फार कमी सोडल्यात.

तिसऱ्या वर्षी थेंबांचा दिवस रविवारी आला. भोंगा मी नको म्हटलं, तर मला पेटी आणायचं काम मिळालं. नगरपालिकेच्या दवाखान्यातून औषधाची निळी पेटी घ्यायची, रिक्षाने आमच्या कोपऱ्यावरच्या बूथवर पोचवायची. आत बर्फाच्या चपट्या बाटल्या आणि मधे औषध. एवढं सोपं काम की शेंबडं पोर करील. पण रविवार म्हणजे मासळी. बायकोने सकाळीच सांगितलेलं, येताना बांगडे आणा. वाटेत बाजार. बांगडे असे ताजे की माझ्याकडे बघत होते. घेतले. आता ऊन चढलेलं, बूथवर दुपारपर्यंत थांबायचं, बांगडे खराब होणार. आणि माझ्या मांडीवर बर्फाची पेटी. तुम्हीच सांगा, भाईंदरच्या माणसाने बर्फ आणि मासळी वेगवेगळी ठेवलेली कधी बघितलीय? मी झाकण उघडलं. जागा होईना म्हणून बर्फाच्या दोन बाटल्या काढून रिक्षाच्या मागे टाकल्या. तरी झाकण बसेना, म्हणून मी झाकणावर बसलो. आणि फाटकाजवळ ओळखीचा माणूस भेटला म्हणून चहा प्यायला उतरलो, तेव्हा बांगड्यांचा जीव गुदमरू नये म्हणून झाकण थोडं उघडं ठेवलं.

बूथवर टेबल मांडलेलं होतं. सिस्टर लातूरकडची, सडपातळ, आवाज एकदम बारीक. पलीकडे दुसऱ्या बिल्डिंगीतली पोरं-बाया रांगेत होत्या. आमची गल्ली नेहमीसारखी खिडकीत. आणि रस्त्याच्या त्या बाजूला, पानाच्या टपरीपाशी, मावससासरे हाताची घडी घालून सकाळपासून उभे, यांची चोरी कुठे सापडते बघायला.

सिस्टरने झाकण उघडलं आणि आत बघतच राहिली. मग शेपटीला धरून एक बांगडा वर काढला.

"अवो दादा, हे काय आणलाव? औषध हाय का कालवण?"

रांग हसली. मी पण हसलो, म्हटलं चला, गोड मानून घेतलं बाईने. पण तिने औषधाची एक बाटली हातात घेतली, गालाला लावली, उरलेल्या बर्फाचं पाणी बघितलं, आणि सगळ्या बाटल्या एका बाजूला काढून ठेवल्या. "हे गरम झालंय. हे आता कुणाच्या तोंडात जाणार न्हाई. दुसरी पेटी येऊस्तोवर थांबा."

मग काय विचारता. रांग ओरडायला लागली. एक जण म्हणाली, "बाई, वरनं धुऊन घ्या ना, मासळीच आहे, विष नाही." नगरसेवकाचा माणूस धावत आला, "सिस्टर, ॲडजस्ट करा, साहेब फोटोला येणार आहेत." तिने बारीक आवाजात विचारलं, "तुमच्या लेकराला पाजाल का हे?" तो टोपी नीट करायला लागला. मी कुठे बघू, कुठे नको; शेवटी बांगड्यांकडे बघत बसलो, तेवढेच माझ्या बाजूचे होते.

आणि मावससासरे रस्ता ओलांडून आले.

"बाई, हे सगळं फेकणार?"

"हो, काका."

"फुकट आलेलं?"

"फुकट कुठलं? कुठल्या कुठल्या देशांनी पैसे घातलेत याच्यात."

"तेच मी विचारतोय दोन वर्षं. त्यांना आमचं काय पडलंय? आमच्या बिल्डिंगीत पाण्याचा टँकर बोलवायचा तर एकमत होत नाही, मारामारी होते. आणि सगळं जग एक होऊन माझ्या नातीच्या तोंडात थेंब घालणार?"

"एक कशाचं, तिकडं पण भांडतच असतील. पण काका, हा रोग इथं राहिला तर त्यांच्याकडं जाणारच की. त्याला काय पासपोर्ट लागतो? आपली लेकरं सुटली तरच त्यांची सुटणार."

"म्हणजे त्यांचा स्वार्थ आहे."

"हाय की!"

म्हाताऱ्याच्या तोंडावर इतका आनंद मी आधी कधी बघितला नव्हता. माझ्याकडे वळून म्हणाले, "मग हे आधी सांगायचं ना, जावयबुवा! प्रेमाने पाठवलंय, प्रेमाने पाठवलंय करत भोंगा वाजवत फिरलात!" मग पुन्हा त्या टाकून दिलेल्या बाटल्यांकडे बघितलं. "गिरणीत एवढी वर्षं काढली, पण खराब माल आपल्या हाताने बाजूला काढणारा माणूस बघितला नाही. बाई, तुम्ही माझ्यापेक्षा संशयी आहात."

हे त्यांच्याकडून म्हणजे फुलांचा हार होता. मला वाटलं झालं काम. पण ते हलले नाहीत. टेबलाची कड धरून उभे राहिले, आणि आवाज इतका खाली आला की मला पुढे वाकावं लागलं.

"माझ्या मुलाला ताप होता. मी नेला. सुई दिली. सकाळी पाय गेला."

सिस्टर म्हणाली, "काका, तो तापच त्या रोगाचा. तुम्ही उचललं तेव्हा तो आत शिरलेला होता."

"मी न्यायच्या आधीच?"

"आधीच."

"घरी असतानाच?"

"घरी असतानाच, काका. तुम्ही न्हाई केलं ते."

ते खरंखोटं तपासत बसले असतील मनात, सवयच ती. रस्ता ओलांडून घरी गेले. इकडे दुसरी पेटी आली, मला हात लावू न देता आणली, बांगडे मला रस्त्याच्या कडेला पिशवीत दिले. रांग अर्धी पांगली होती. तेवढ्यात काका जिन्यातून उतरले, कडेवर पिंकी, मागे दारात मधू भिंतीला धरून उभा. टेबलाशी आले, खुर्ची मागितली, बसले, आणि पिंकीला मांडीवर आडवी घेतली. सिस्टरने थेंब घातले. पिंकीने तोंड वाकडं केलं, काकांनी डोळे मिटले, आणि मी, ज्याला कुठे काय करावं कधी कळलं नाही, मी टाळ्या वाजवल्या.

मागून पाटलीण आजीचा आवाज आला, "चला गो, काकान पाजला! आना पोरांना!" आणि गल्लीतले सगळे जिने एकदम वाजायला लागले.

बांगडे बायकोने घरात घेतले नाहीत. मी ते गुपचूप परत करायला निघालो, आणि वाटेत काकांचा जिना चढून वर डोकावलो. दार उघडंच होतं. काका जमिनीवर बसलेले, पिंकी उताणी समोर. ते बोटाने तिच्या तळव्याला गुदगुल्या करायचे, ती खुदकन हसून पाय झाडायची. एकदा डावा, एकदा उजवा. मग थोडं थांबायचे, पुन्हा करायचे. मधू पलीकडे बूट काढून बसला होता, बापाकडे बघत. कोणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

आता काका नाहीत. गल्लीत कोणी काही विकायला आलं तर बायका खिडकीत येतात आणि लगेच खालीच जातात, थांबायला कोणी उरलेलं नाही. मला मात्र ते दार दिसतं कधी कधी. संध्याकाळ होत आली तरी ते उठले नव्हते. पिंकीने एक पाय असा झाडला की तो नेमका त्यांच्या छातीवर बसला. मावशी आतून ओरडल्या, "अहो, लागेल!" तर काकांनी तो पाय दोन्ही हातांत धरला, पुन्हा सोडला, आणि म्हणाले, "मार गो बाय, जोरात मार."