पावसात पृथ्वी जिंकता

प्रिय मीरा, प्रिय निनाद,

रविवारी फोनवर मीराने विचारलं, "आजी, गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं असतं, तर आपण जमिनीला चिकटून कसे?" मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. तरी या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं, पण ते माझं नव्हतं. ज्यांचं होतं त्यांच्याबद्दल आज लिहायला बसले. फोनवर अशा गोष्टी अर्ध्याच राहतात.

आमच्या डिचोलीच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारे एक सर होते. वर्षभर त्यांचे केस खोबरेल तेलाने चापून बसवलेले. जानेवारीत मात्र एका सकाळी ते कोरडे, फुललेले, उभे केस घेऊन यायचे. मग शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणायचंच, "आला सरांचा सण!"

कारण साधं होतं. बारावीच्या पुस्तकात विद्युतभाराचा धडा पहिला, म्हणजे तो जूनमध्ये शिकवायचा. केसांवर कंगवा घासायचा आणि कागदाचे कपटे उचलून दाखवायचे, एवढाच प्रयोग. पण आमच्याकडे जूनमध्ये भिंतींना पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. कंगव्यावर भार टिकणार कुठे? कपटे मेजावर पडून राहायचे. मुलं खुसखुसायची. सर कंगवा खिशात ठेवायचे.

"पावसात पृथ्वी जिंकता. थांबा, जानेवारी येऊंदे."

जानेवारीत हवा कोरडी झाली की ते तीन दिवस शिकेकाईने न्हायचे. "तेलाच्या केसांवर भार टिकणा नाय, बाई," असं मला गंभीरपणे सांगायचे. मग वर्गात कंगवा खाली आला की कपटे टुणकन वर. "खालसून आख्खी पृथ्वी ओढता, वरसून जत्रेतलो कंगवो. सांगा, कोण जिंकलो?" सुर्ल्याचे खनिजाचे ट्रक चालू असले की कंगव्याला लाल धूळही चिकटायची. "ही बघा, बोलावल्याशिवाय इली."

त्यानंतर तो आकडा. एक इलेक्ट्रॉन, एक प्रोटॉन. त्यांच्यातली विजेची ओढ गुरुत्वाच्या ओढीपेक्षा किती पट? दोन, आणि त्यावर एकोणचाळीस शून्यं. सर ती सगळी लिहायचे, तीही हातभर मोठी. फळा संपला की भिंत, भिंत संपली की चौकट, मग व्हरांडा. शेजारच्या वर्गात मी कविता शिकवत असायचे आणि माझ्या दारावर खडू वाजायचा.

"सर, हे माझं दार आहे."

"जागा पुरणा नाय, बाई. चारच शून्यां."

माझी मुलं बाकं वाजवून हसायची. मी ओलं फडकं घेऊन ती शून्यं पुसायचे. नीटनेटकेपणाचा मला फार अभिमान होता.

मीराचा प्रश्न मीही त्यांना एकदा विचारला होता. ते म्हणाले, "वीज जोरदार, पण धन आणि ऋण जवळ इली काय एकमेकांक मारून मोकळी. गुरुत्व बिचारां दुबळां, पण तेका मारणारां कोण नाय. ता नुसता साठत जाता."

"आणि दोन कण लांब नेले तर? तुमचा आकडा कमी होईल ना?"

"दोनय ओढी सारख्याच कमी जातत. लांब ठेवा, जवळ ठेवा, आकडो तोच."

ते कारापूरला एका खोलीत एकटे राहायचे. बायको लवकर गेली होती, मुलगी परदेशी. तिचा फोन येतो का, असं मी कधी विचारलं तर म्हणायचे, "येता, रविवारी." आणि पुन्हा तेच, "लांब ठेवा, जवळ ठेवा." मला ते फक्त विज्ञानाचं वाक्य वाटायचं.

ते निवृत्त झाले, मी प्राचार्य झाले. तरी दर जानेवारीत ते बसने येऊन तो एक तास घ्यायचे. एका वर्षी पूर्वपरीक्षा लवकर लागली. मी लाल-निळ्या पेन्सिलीने वेळापत्रक आखून नुकतंच संपवलं होतं, आणि सर दारात उभे. आधी मला केसच दिसले. पांढरे, विरळ, कापसासारखे उभे. म्हणजे तीन दिवस न्हाऊन आले होते.

"या वर्षी जागा नाही हो, सर."

"अर्धो तास?"

"नाही."

"वीस मिनटां, बाई. हवा बरी आसा."

"पुढच्या वर्षी नक्की," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून कंगवा काढला आणि माझ्या वेळापत्रकावर ठेवला. "मगे हो हंयच ठेवा. फुडच्या वर्षी लागतलो."

खिडकीतून मी त्यांना बसथांब्याकडे जाताना पाहिलं. वाऱ्याने केस हलत होते. त्या आठवड्यात त्यांना आणखी कुणाकडे जायचं असेल, असं मला वाटत नाही.

जुलैमध्ये ते गेले. भिंतींना पाणी सुटलं होतं.

पुढच्या जानेवारीत मी आधी तो तास मांडला आणि परीक्षा त्याच्या भोवती बसवल्या. तीन दिवस तेल लावलं नाही. वर्गात कंगवा घासला, काहीच झालं नाही. मुलं माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा घासला, जोरात. एक कपटा थरथरला, उभा राहिला आणि चिकटला.

"टीचर, धरलो!" मागून कुणीतरी ओरडलं.

शून्यं मी फळ्यावर मावतील इतकी लहान लिहिली. ते त्यांना आवडलं नसतं.

आता मीही निवृत्त आहे. वेळापत्रकात तो तास राहिला नाही, त्यांच्या वर्गाला नवा रंग लागला. कंगवा माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. आज सकाळी हवा कोरडी होती. त्याने चार कपटे उचलले.