पट्टीवाल्या बाई

आमच्या नांदेडच्या बियाणे कंपनीत नोकरीचा अर्ज आला की आस्थापनेतल्या बाई आधी त्यावरच्या नावावर पांढरी चिकटपट्टी लावायच्या. मग वडिलांच्या नावावर, मग गावावर. वर एक क्रमांक टाकायच्या आणि मगच अर्ज मुलाखत घेणाऱ्यांकडे पाठवायच्या. सगळे त्यांना पट्टीवाल्या बाई म्हणत. त्यात कौतुक कमी, कुचेष्टाच जास्त असे.

बाई उदगीरच्या, बोलणं तुटक. मुख्य कार्यालयानं 'सर्वांना सामावून घ्या' अशी रंगीत पोस्टरं पाठवली, ती त्यांनी कपाटामागे सारली. म्हणाल्या, "भिंतीला सांगून काय व्हतंय? माणूस सुधरत न्हाई. त्याच्या समोरचं टेबल सरकवायचं." आणि खरंच जेवणाच्या खोलीतली चार टेबलं जोडून त्यांनी एक केलं. आपल्याच माणसांत डबा उघडणाऱ्यांना भलत्याच माणसाशेजारी बसावं लागलं, आणि महिनाभरात भाज्या इकडून तिकडे फिरू लागल्या. आमचे साहेब मात्र पचनाचं कारण सांगून केबिनमध्ये जेवू लागले. मला तेव्हाच किळस यायला हवी होती. मी नुसता हसलो.

साहेबांची खरी विद्या मुलाखतीत दिसे. पट्टीखालचं नाव कळेना, तर ते गोड आवाजात विचारत, "पाहुणे कुठले तुमचे?" आपल्याकडे या एका प्रश्नात समोरच्याची जात बाहेर येते, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. बाईंनी यावरही तोडगा काढला. सहा प्रश्न छापले, तेवढेच विचारायचे. आपापले गुण लिहून झाल्याशिवाय आपसात बोलायचं नाही. "पाहुण्यांचा प्रश्न यात न्हाई, साहेब," त्या शांतपणे म्हणत.

प्रयोगशाळेतल्या जागेसाठी चौदा क्रमांकाचा अर्ज गुणांत पहिला आला. मुलाखत घेणाऱ्या आम्हा तिघांनीही त्या मुलीलाच सर्वांत जास्त गुण दिले होते, साहेबांनीसुद्धा. मग पट्ट्या निघाल्या. मुलगी जवळच्याच लोहा गावची होती, आणि आडनाव वाचून ती बौद्ध असल्याचं साहेबांनी ताडलं. "हुशार आहे, पण आपल्या वातावरणात रमेल का?" एवढं बोलून त्यांनी दुसऱ्या नावावर खूण केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. माझी बढती त्यांच्या हातात होती. मी सही केली. हे लिहितानाही मला स्वतःची शिसारी येते.

तो कागद घेऊन बाई माझ्या टेबलाशी आल्या. "तिला न्हाई म्हणायचं काम मी करणार न्हाई. सही तुमची हाय, फोन तुमीच लावा."

मी लावला. जागा दुसऱ्याला दिल्याचं सांगितलं. पलीकडून ती म्हणाली, "ठीक आहे सर. कुठं कमी पडले, तेवढं सांगता का? पुढच्या वेळी तयारी करून येते."

समोर तिच्या गुणांचा कागद होता. इंग्रजीत ती सगळ्यांच्या पुढे होती.

"इंग्रजी जरा कच्चं आहे," मी म्हणालो.

"हाव सर. करते. थँक्यू."

बाई तिथंच उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. काही महिन्यांनी त्यांची लातूरला बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्या सगळ्यांना भेटल्या आणि शेवटी माझ्यापाशी थांबल्या.

"ती पोरगी रोज लोह्याहून यष्टीनं इथं नांदेडला येती," त्या म्हणाल्या. "इंग्रजीचा क्लास करायलीय."